इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याआधी घरातली गळती शोधा



या सदरात आपण बेणे निवड, सरीतील अंतर, खताचे हप्ते, खोडव्याची निगा अशा विषयांवर बोलत असतो. या अंकातला विषय जरा निराळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने इंटरनेटवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु अलीकडे गट बैठकीत हुमणीइतकेच प्रश्न याविषयी येऊ लागले आहेत, आणि त्याला कारणही तसेच आहे. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईलवर आली. सातबारा, फेरफार, बँकेचे व्यवहार, मुलामुलींचे प्रवेश अर्ज, त्यांचे क्लास, सगळे याच वाटेने चालले आहे. अर्जाची शेवटची तारीख असावी, कागदपत्र चढवताना पानावरचे चक्र फिरत राहावे आणि मुदत टळावी, यात नुकसान खरेखुरे रुपयांचे असते. तेव्हा हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही.

तक्रार बहुतेक एकच असते. "साहेब, पन्नासचा प्लॅन होता, तो शंभरचा केला. बिल वाढलं, पण माडीवर पोराचा क्लास अडकत होता तो अजून अडकतोयच."

याला माझे उत्तर असे. विहिरीवर पाच एचपीची मोटर काढून साडेसातची बसवली, पण पाइप तोच, तीन ठिकाणी फुटलेला. मग शेवटच्या सरीला पाणी वाढणार कसे? विहिरीवर किती पाणी पडते आणि टेलला किती पोचते, हे दोन वेगळे आकडे आहेत. इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनी वेग देते तो घराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथून पुढची गळती आपल्या घरातली असते, आणि ती प्लॅन वाढवून थांबत नाही. बहुतेक घरांत ती फुकटात किंवा थोडक्या खर्चात थांबवता येते. कशी, ते क्रमाने पाहू.

आधी मोजा, मग बोला

माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नये, असे आपण नेहमी सांगतो. इथेही पहिले काम मोजण्याचे. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर 'स्पीड टेस्ट' करता येते. ती एकदा करून भागत नाही. तीन ठिकाणी करावी:

१) कॉम्प्युटर राउटरला थेट वायरने जोडून.
२) राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहून, वायफायवर.
३) जिथे अडचण येते त्या खोलीत, वायफायवर.

प्रत्येक ठिकाणी सकाळी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एकदा मोजावे. रात्री सगळे गाव सिनेमे आणि मालिका पाहत असते, तेव्हाचा आकडा महत्त्वाचा. आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत.

आता निष्कर्ष काढणे सोपे आहे. वायरवरच वेग कमी असेल तर दोष बहुधा बाहेरचा. वहीतले आकडे दाखवून कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. वायरवर वेग पुरा आणि माडीवर नाही, असे असेल तर दोष घरातला. सकाळी पुरा आणि फक्त रात्री कमी असेल तर गर्दी बाहेरच्या लाइनवर आहे, घरातले काही बदलून उपयोग नाही. महिन्याच्या अखेरीसच वेग पडत असेल तर प्लॅनमध्ये ठरवून दिलेला डेटा संपला आहे का, तेवढे पाहावे.

मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. प्लॅनमधला शंभर हा आकडा मेगाबिटचा असतो, आणि फाइल उतरवताना कॉम्प्युटर दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभर मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटने उतरली तर ती पुरी उतरली. "शंभर घेतलं अन् बारा मिळतंय" ही फसवणूक नव्हे, ते माप वेगळे आहे.

दुसरी गोष्ट, गरज किती ते पाहा. मुलाच्या व्हिडिओ क्लासला साधारण तीन-चार मेगाबिट पुरतात. चांगल्या चित्राच्या सिनेमाला पाचच्या आसपास. अर्ज भरायला तर त्याहून कितीतरी कमी. केंद्र सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ किलोबिटवरून वाढवली ती किमान दोन मेगाबिटवर. तेव्हा सहा माणसांच्या घरात पन्नासचा प्लॅन, जर तो खरोखर खोलीपर्यंत पोचला, तर भरपूर झाला. पोचतो का, एवढाच प्रश्न आहे.

राउटरची जागा

नव्वद टक्के घरांत राउटर कुठे असतो? फायबरची वायर जिथून आत आली तिथे, दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटावर. कारण जोडणाऱ्या मुलाला तीच जागा सोयीची. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या चहूबाजूंना पसरतात. कोपऱ्यात ठेवलेल्या राउटरचा अर्धा जोर अंगणात आणि रस्त्यावर जातो.

लहरींना काय अडते हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लोखंड आणि पत्रा त्यांना जवळजवळ पूर्ण परतवतो. जुन्या वाड्याची दोन-अडीच फुटी दगडी भिंत आणि सळईचा स्लॅब त्यांचा मोठा भाग गिळतो. पाणी तर चांगलेच गिळते. म्हणून माडीवरच्या पाण्याच्या टाकीआडच्या खोलीत रेंज मिळत नाही. विटांच्या साध्या भिंतीतून त्या जातात, लाकडी दारातून सहज जातात.

आपल्याकडे याचा एक खास प्रकार दिसतो. वस्तीचे घर आणि गोठा यांच्यामध्ये उसाचे रान असते. लागणीच्या वेळी गोठ्यावरचा कॅमेरा घरातल्या वायफायवर व्यवस्थित चालतो. बांधणी होते, ऊस पुरुषभर उंच होतो, आणि कॅमेरा अधूनमधून बंद पडू लागतो. लोकांना वाटते कॅमेरा बिघडला. कॅमेऱ्याला काही झालेले नसते. हिरव्या पाल्यात पाणी असते आणि तोच पाला मध्ये उभा राहिलेला असतो. तोड झाली की कॅमेरा आपोआप 'दुरुस्त' होतो! अशा ठिकाणी लहर उसाच्या वरून जाईल इतक्या उंचीवर लावलेला, समोरासमोर तोंड असलेला बाहेरचा अँटेना हाच उपाय आहे.

तेव्हा राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी असावा. दोन मजली घरात जिन्याजवळची जागा उत्तम, कारण जिन्याच्या पोकळीतून लहर वर जाते. फायबरची वायर स्वतः ओढून नेऊ नये. आत काचेचा धागा असतो. बांगडीपेक्षा लहान वेटोळे केले किंवा खिळ्यावर मुरगाळले तर त्यातला प्रकाश गळतो. कंपनीचा डबा आहे तिथेच राहू द्यावा आणि तिथून साधी लॅन केबल टाकून राउटर मध्यभागी आणावा. डबा आणि राउटर एकच असेल तर दुसरा लहान राउटर घेऊन तो केबलने जोडावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय निवडावा. तो निवडला नाही तर एका गावात दोन तलाठी बसवल्यासारखे होते. दोघेही आपापले क्रमांक वाटत बसतात आणि गोंधळ होतो.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवरचे आकडे सांगतो. वायरवर ९२, राउटरजवळ ७८ आणि माडीवर ६. राउटर ओसरीतल्या लोखंडी कपाटावर होता. पंधरा मीटर केबल टाकून तो जिन्याच्या वळणावर आणला. माडीवर ४१ मिळू लागले. प्लॅन तोच, राउटर तोच.

दोन पट्टे: २.४ आणि ५

हल्लीच्या बहुतेक राउटरमधून दोन पट्ट्यांवर वायफाय मिळते. एक २.४ गिगाहर्ट्झ, दुसरा ५ गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण वेग कमी आणि गर्दी फार. दुसरा वेगवान, मोकळा. पण एक-दोन भिंतींत दमतो. एक बैलगाडी चिखलातूनही जाणारी, दुसरा ट्रॅक्टर रस्ता चांगला असेल तर पळणारा, असे समजा.

पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणता घ्यायचा ते मोबाईलवर सोडतात. मोबाईलची निवड नेहमी शहाणपणाची असते असे नाही. अडचण येत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावे द्यावीत. राउटरच्या खोलीतला टीव्ही आणि कॉम्प्युटर पाचवर जोडावा. लांबच्या खोल्या, गोठ्यावरचा कॅमेरा आणि वायफायवर चालणारी बारीकसारीक यंत्रे २.४ वर. स्वस्तातले कॅमेरे व स्विच बहुधा फक्त २.४ वरच चालतात. "जोडलाच जात नाही" अशी तक्रार आली की पहिल्यांदा हे पाहावे.

आणखी एक बारकावा. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. लांबच्या खोलीत तुटपुंज्या रेंजवर असलेला मोबाईल तेवढेच काम करायला कितीतरी जास्त वेळ घेतो, आणि त्या वेळात जवळचेही खोळंबतात. पाटाच्या टेलचा गडी तेवढेच रान भिजवायला दुप्पट वेळ दार धरून बसतो, तसेच. म्हणून टेलच्या खोलीची रेंज सुधारली की सगळ्या घराला फायदा होतो.

चॅनेल: गावठाण आणि वस्ती यांतला फरक

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे एक ते तेरा असे चॅनेल आहेत. ऐकायला तेरा, पण ते एकमेकांच्या अंगावर आहेत. दोन चॅनेलमधले अंतर पाच मेगाहर्ट्झचे आणि एका वायफायला रुंदी लागते वीसची. म्हणजे दीड फुटाच्या सरीत पाच फुटांवरचा ऊस लावल्यासारखे. एकमेकांच्या आड न येणारे नेहमीचे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

गावठाणात घराला घर चिकटलेले असते. आपल्या मोबाईलवर शेजाऱ्यांची दहा-बारा वायफायची नावे दिसतात. तिथे चॅनेल पाहण्याचे फुकट ॲप वापरून या तिघांपैकी ज्यावर गर्दी कमी तो पक्का करावा, आणि 'चॅनेल विड्थ' वीसवर ठेवावी. चाळीस केली तर कागदावर वेग दुप्पट दिसतो, प्रत्यक्षात शेजाऱ्याशी भांडण वाढते. तीन किंवा आठ असा अधला-मधला चॅनेल घेऊ नये. त्याने दोन्हीकडच्यांना त्रास होतो आणि आपल्यालाही.

वस्तीवरच्या सभासदांनी या भानगडीत पडू नये. जिथे दोन-तीनशे मीटरवर दुसरे घर नाही तिथे कोणताही चॅनेल सारखाच.

वायर ती वायर

टीव्ही, कॉम्प्युटर अशी जागेवरून न हलणारी वस्तू वायरने जोडता येत असेल तर वायरनेच जोडावी. जितकी यंत्रे वायरवर गेली तितके वायफाय मोबाईलसाठी मोकळे झाले. 'कॅट-५ई' केबल शंभर मीटरपर्यंत चालते. तिच्यात आठ तारा असतात. शंभर मेगाबिटला चारच तारा लागतात, त्याहून अधिक वेगाला आठही लागतात. म्हणून दोनशे-तीनशेचा प्लॅन घेऊनही वायरवर आकडा ९४-९५ च्या पुढे जात नसेल, तर कुठेतरी एखादी तार तुटलेली आहे किंवा राउटरचे अगर कॉम्प्युटरचे पोर्टच शंभराचे आहे. हे कळण्याआधी प्लॅन वाढवणे म्हणजे पैसे पाण्यात.

'रिपीटर' नावाचे यंत्र बाजारात मिळते. ते वायर न टाकता रेंज वाढवते हे खरे, परंतु साधा रिपीटर एका तोंडाने ऐकतो आणि त्याच तोंडाने बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. घेतलाच तर तो रेंज नसलेल्या खोलीत लावू नये. त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर लावावा.

यार्डातली रांग आणि इंटरनेटची रांग

आता जो भाग सांगतो तो कमी लोकांना माहीत असतो, पण आपल्याला तो चटकन समजेल. पुष्कळदा वेग मोजला तर पुरा येतो, तरीही क्लासमध्ये गुरुजींचा आवाज तुटतो, साधे पान उघडायला वेळ लागतो. वेग आहे, मग अडले कुठे? रांगेत.

आपल्या कारखान्याचे यार्ड डोळ्यांसमोर आणा. गाळप क्षमता ठरलेली आहे. तोडणीचा कार्यक्रम क्षमतेपेक्षा जास्त दिला तर गाड्या यार्डात साचतात. यार्ड मोठे केले म्हणून गाळप वाढत नाही. फक्त रांग लांबते, ऊस वाळतो, उतारा पडतो. रांग नको असेल तर उपाय एकच: कार्यक्रमच गाळपाच्या किंचित आत द्यायचा.

इंटरनेटवर माहिती अशीच लहान लहान गाड्या करून जाते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे एक प्रसिद्ध घटना घडली. तिथली राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. जेमतेम आठशेवा भाग उरला असे म्हणा ना! वायर तुटली नव्हती. प्रत्येक यंत्र, पोच येत नाही असे पाहून तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्यानेच वाट तुंबली होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी याचा अभ्यास करून १९८८ मध्ये उपाय मांडला: सुरुवातीला थोड्या गाड्या सोडा, पोच मिळेल तशा वाढवा, एखादी हरवली की लगेच हात आखडता घ्या. आजही सगळे इंटरनेट मूलतः याच शिस्तीवर चालते.

पुढे स्मरणशक्तीच्या चिप स्वस्त झाल्या आणि राउटर बनवणाऱ्यांनी आत भलीमोठी यार्डे ठेवली. आता गाडी हरवत नाही, नुसती थांबून राहते. हरवत नाही म्हणून पाठवणारा हात आखडत नाही, आणि रांग वाढतच जाते. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे लक्ष वेधले. त्याला 'बफरब्लोट' म्हणतात.

घरात हे कधी होते? मुख्यतः अपलोडच्या वेळी. लग्नाचे पाचशे फोटो मोबाईल गुपचूप वर चढवत असतो, गोठ्याचा कॅमेरा सतत चित्र पाठवत असतो, आणि त्याच वेळी मुलगी परीक्षेला बसलेली असते. तिच्या उत्तराची चिमुकली गाडी फोटोंच्या पाचशे ट्रॉल्यांमागे उभी!

ओळखायचे असे. हल्लीच्या काही स्पीड टेस्टमध्ये वेगाबरोबर 'लेटन्सी' म्हणजे पोच यायला लागणारा वेळ दाखवतात, मोकळ्या लाइनवरचा आणि भरल्या लाइनवरचा. मोकळ्यावर पंधरा-वीस मिलिसेकंद आणि भरल्यावर तीन-चारशे, असे दिसले तर रांगेचा आजार आहे. उपाय यार्डाचाच. राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस', 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'एसक्यूएम' असा पर्याय असेल तर अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर घालावी. दहा टक्के सोडले तर वेग गेला असे वाटेल, पण रांग राउटरमध्ये साचत नाही आणि लहान गाडीला वाट मिळते. पर्याय नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री उशिरा होऊ द्यावा, कॅमेऱ्याचे चित्र आतल्या मेमरी कार्डावर साठवावे, आणि विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या सेटिंगमध्ये इंटरनेटवरील इतर कॉम्प्युटरना अपडेट पुरवण्याची परवानगी बंद करावी. आपल्या पाटातून परक्याचे रान कशाला भिजवायचे?

ज्याला हात लावू नये

'वेग दुप्पट करा' असे सांगणारी सॉफ्टवेअर आणि युक्त्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच एके काळी खऱ्या होत्या, आज नाहीत.

जुन्या विंडोजमध्ये 'रिसीव्ह विंडो' नावाचा आकडा वाढवायला सांगत. त्यात तथ्य होते. पोच येण्याआधी किती माहिती वाटेवर ठेवायची, त्याचा तो आकडा. मुळात त्याची कमाल ६५,५३५ बाइट होती. पोच यायला ५० मिलिसेकंद लागत असतील तर एवढ्या पाण्यावर पाट सेकंदाला साडेदहा मेगाबिटपेक्षा जास्त वाहूच शकत नाही, मग प्लॅन कितीचाही असो. अमेरिकेतल्या यंत्राशी बोलताना पाव सेकंद लागला तर दोन मेगाबिट. म्हणून लोक तो आकडा हाताने बदलत. परंतु २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून विंडोज हा आकडा आपोआप जुळवते. आज तो हाताने बदलणे म्हणजे चालू पंपाचा व्हॉल्व्ह फिरवून बसणे.

विंडोज वीस टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते, ही दुसरी कंडी. मायक्रोसॉफ्टने याचा खुलासा कधीच केला आहे; कोणी ती जागा मागत नसेल तर ती इतरांना मिळते. ते सेटिंग तसेच असू द्यावे.

'एमटीयू' म्हणजे एका गाडीत जास्तीत जास्त भरायचा माल. तो साधारण १५०० बाइट असतो. वापरकर्ता नाव आणि पासवर्ड घालून चालणाऱ्या 'पीपीपीओई' जोडणीत आठ बाइट जास्तीचे जातात, म्हणून १४९२. काही ठरावीक पाने अर्धवट उघडून थांबत असतील तरच हा आकडा तपासावा. एरवी नाही.

'डीएनएस' म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. ती हळू असेल तर पान उघडण्यापूर्वी थबकते, एकदा उघडले की पळते. तशी खूण दिसली तर राउटरमध्ये गूगलची ८.८.८.८ (२००९ पासून) किंवा क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ (२०१८ पासून) घालून पाहता येते. याने डाउनलोडचा वेग वाढत नाही, फक्त सुरुवातीचे थबकणे कमी होते.

कुलूप आणि वीज

राउटरचे सेटिंग उघडण्याचा पत्ता त्याच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आत जाण्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच ठेवला असेल तर तो आज बदलावा. तो सगळ्या जगाला ठाऊक असतो. त्यातून कोणी आत शिरला तर वर सांगितलेली पत्त्यांची वही बदलून बँकेच्या नावाखाली खोट्या पानावर नेऊ शकतो. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' असावा. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' वायफाय वेगळे द्यावे. वायफायचा पासवर्ड गल्लीभर झाला तर त्या गळतीला दुसरा इलाज नाही. आणि "तुमचा वेग वाढवून देतो, हे ॲप घ्या" असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. वेग वाढवायला ओटीपी लागत नाही.

वस्तीवर विजेचा दाब वर-खाली होतो, मिनिटभर जाते नि येते. पण राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. बहुतेक राउटर बारा व्होल्टवर चालतात. त्यासाठी हाताएवढा लहान यूपीएस मिळतो. कंपनीचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोड द्यावी, नाहीतर राउटर जागा आणि डबा झोपलेला. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्यावा.

कामाचा क्रम

१) तीन ठिकाणी, दोन वेळा वेग मोजा, वहीत लिहा.
२) राउटर मध्यभागी, उंच, लोखंडापासून दूर आणा.
३) टीव्ही व कॉम्प्युटर वायरवर घ्या.
४) दोन पट्ट्यांना वेगळी नावे द्या, गावठाणात चॅनेल १, ६ किंवा ११ पक्का करा.
५) भरल्या लाइनवर पोच उशिरा येत असेल तर ८५-९० टक्क्यांची मर्यादा घाला.
६) पासवर्ड बदला.
७) पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाला आला ते कळते.

बदलण्यापूर्वी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. राउटरमागचे 'रिसेट'चे बारीक भोक टोचू नये. कंपनीने घातलेले नाव-पासवर्ड पुसले जातात आणि माणूस येईपर्यंत सगळेच बंद. घरात शिकणारा मुलगा-मुलगी असेल तर हा लेख त्यांच्या हाती द्यावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र मोजण्याची वही आपण स्वतः पाहावी. बिल आपण भरतो.

हे सगळे करूनही वायरवरचा आकडाच कमी राहिला, तर खुशाल तक्रार करा, किंवा प्लॅन बदला, कंपनी बदला. तेव्हा तो पैसा योग्य ठिकाणी लागेल. शेवटच्या तारखेला अर्ज अडकू नये यासाठी हे काम पुढच्या अर्जाची मुदत जाहीर होण्याच्या आधीच उरकून घ्यावे, अशी सर्व सभासदांना नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी